धार बारीक झाली होती

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि अर्धी गोष्ट म्हणजे अर्धं औषध. गुण येत नाही, कडू तोंड तेवढं राहतं. आज गोष्ट आहे एका बोटीच्या मोटरीची. लोखंडात कसली आलीय गोष्ट, असं म्हणू नका. देवानं माणसाच्या छातीत एक यंत्र ठेवलं, माणसानं बोटीच्या पाठीवर दुसरं बसवलं, आणि दोन्हींची खोड एकच: आतून तापत असतात आणि बाहेरच्याला पत्ता नसतो. त्या तापण्यापायी एक माणूस बुडाला. दुसऱ्याच्या गळ्यात ते मरण बांधलं गेलं. ती गाठ कोणी मारली ते शोधायला एक बाई निघाली, तिच्या मागोमाग आपण जाऊ.

१

खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब दांडा आहे. कप्तानाची बोट तिथं पालथी सापडली. कप्तान सापडला दुसऱ्या दिवशी, बराच खाली, चिखलात.

कप्तान हे त्याचं धक्क्यावरचं नाव. होता तो साधा नावाडी, या काठाची माणसं त्या काठाला नेणारा. मोठ्या बोटीचा परवाना मिळावा म्हणून काही आठवडे मोठ्या बंदरात शिकायला गेला होता. परत आला आणि दुसऱ्याच सकाळी पहिली खेप घेऊन निघाला. माणसं पलीकडे सुखरूप उतरली. रिकामी बोट घेऊन परतताना ओहोटीची ओढ आणि समोरून वारा, अशा दुहेरी कात्रीत मोटर बंद पडली. मग बोट पाण्याची झाली, आणि तिच्याबरोबर कप्तानही.

मोटर उघडण्याआधीच धक्क्यानं निकाल लावून टाकला होता. दोषी मिस्त्री. कप्तान शिकायला जाण्याआधी मोटरीचं काम त्यानंच केलं होतं. आता हा मिस्त्री काही परका नव्हे, कप्तानाच्या बायकोचा सख्खा मोठा भाऊ. तिला धक्क्यावर सगळे धाकटी म्हणत, कारण भाऊ तिला त्याच नावानं हाक मारायचा. त्या धाकटीनंच कप्तानाला निरोप देताना चारचौघांत तोंड उघडलं होतं.

"दादा, तुझ्या हातानं मेला तो. आजपासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

सख्ख्या बहिणीनंच म्हटल्यावर दुसऱ्यांची जीभ कशाला अडखळते? तेव्हापासून मिस्त्रीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मोटर घेऊन कोणी फिरकत नव्हतं. अहवाल विरुद्ध गेला तर दुकानाचा परवाना जाणार होता, कदाचित हातात बेड्याही पडणार होत्या.

अहवाल लिहायचा होता तपासनीस बाईंना. निवृत्तीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे, चष्मा दोरीनं गळ्यात. धक्क्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं कार्यालय, आणि त्यातल्या ओलसर खोलीत टेबलावर ती मोटर, मेलेल्या जनावरासारखी आडवी.

बाईंनी वरचं झाकण काढलं. आतला रंग भाजून तपकिरी झाला होता. मोटर तापून जाम झाली, हे सांगायला तपासनीस कशाला हवा? पण मोटर तापली की शिट्टी वाजते. कर्कश, मेलेल्याला उठवेल अशी. ती ऐकून कोणीही नावाडी वेग कमी करतो, नांगर टाकतो, हाका मारतो. कप्तानानं यातलं काही केलं नव्हतं. नांगर त्याच्या जागी तसाच बांधलेला होता.

बाईंनी चष्मा लावला आणि शिट्टीची तार बोटानं चाचपत नेली. मध्येच बोट थांबलं.

तार तुटलेली नव्हती. कोणीतरी जोड ओढून सोडवला होता आणि दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती, नीट, हलक्या हातानं, जखमेला बांधावी तशी.

२

बाई या तारेबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत. बोललेली गोष्ट धक्क्यावर वाऱ्याआधी पोचते.

त्यांनी आधी मोटरीशीच बोलून घ्यायचं ठरवलं. बोटीच्या मोटरीची रीत अशी: खालच्या बाजूला जाळी असते, तिच्यातून एक छोटा पंप पाणी ओढतो, ते पाणी मोटरीभर फिरून तिला गार करतं आणि मागच्या बारीक भोकातून धार होऊन पडतं. धार चांगली तर मोटर चांगली. म्हणजे पाणी अडलं असेल तर वाटेत कुठं, एवढाच प्रश्न.

जाळी पाहिली. स्वच्छ. शेवाळ नाही, प्लास्टिक नाही.

मग थर्मोस्टॅट. गरम झालं की उघडायचं आणि पाण्याला पुढं जाऊ द्यायचं, एवढंच या झडपेचं काम. बाईंनी ती काढून चहाच्या भांड्यात टाकली आणि शेगडी पेटवली. शिपाई दारातून बघत होता.

"साखर किती घालू बाई?"

"तुझ्या कपात दोन चमचे घाल," बाई म्हणाल्या. "पहिला घोट तुझा."

पाणी तापलं तशी झडप हळूच उघडली. म्हणजे तीही निर्दोष. पण जिथून ती काढली तिथं काळे, कडक रबराचे दोन तुकडे अडकलेले होते.

मग बाईंनी पंप उघडला. आत रबरी पाकळ्यांचं चाक असतं, फुलासारखं. फुलाच्या दोन पाकळ्या गेलेल्या, उरलेल्यांची टोकं वितळून चकचकीत झालेली. धक्का म्हणत होता ते खरंच असावं, मिस्त्रीनं जुनंच रबर बसवलं, असं बाईंना वाटलं. पण चाक उजेडात धरलं आणि त्या खुर्चीत टेकल्या.

चाकाच्या मध्यावरचा कारखान्याचा छाप करकरीत होता. साच्याची रेघसुद्धा झिजलेली नव्हती. जुनं रबर तडकतं. हे तडकलेलं नव्हतं, हे भाजलेलं होतं. आणि रबर भाजतं ते पंप कोरडा फिरला तर. बोट पाण्यात असताना पंप बुडालेला असतो, जाळी स्वच्छ असताना तो कोरडा पडेल कसा?

म्हणजे मोटर जमिनीवर चालली होती, पाण्याशिवाय. एकदा नव्हे, बऱ्याचदा. आणि ती जमिनीवर होती फक्त कप्तान गावाला गेला तेव्हा, त्याच्या घराच्या शेडमध्ये, कुलपात.

३

कप्तानाचं घर खाडीच्या टोकाला, शेजार नसलेलं. दिवसभर मळभ होतं, आणि घरात त्याहून जास्त. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडणं संपलेल्या माणसाचे डोळे कसे कोरडे, मोठे दिसतात, तसे तिचे दिसत होते.

"तो गेल्यावर मोटर कोणी उघडली का?" बाईंनी विचारलं.

"कोण उघडणार? शेडची किल्ली माझ्या कमरेला. दुसरी दादाकडे." दादा हा शब्द तिनं तोंडातून खडा काढावा तसा काढला. "त्यानं काय केलं ते लिहा बाई. भाऊ आहे म्हणून सोडू नका. माझी आण आहे."

"जे आहे ते लिहीन. शेड बघू?"

शेडमध्ये मोटर टांगायचा लाकडी घोडा होता, त्याच्या मागची भिंत काजळीनं काळवंडलेली. कोपऱ्यात एक मोठा ड्रम पालथा पडलेला, आणि त्याच्या काठापासून जमिनीपर्यंत कोळ्यानं निवांत जाळं विणलेलं.

"हा ड्रम कशाला?"

"मीठ धुवायला," धाकटी म्हणाली. "खाऱ्या पाण्यातून आला की ते रोज संध्याकाळी ड्रम गोड्या पाण्यानं भरायचे, त्यात मोटर सोडून थोडा वेळ चालवायचे. आतलं मीठ निघून जातं. कितीही दमले तरी चुकवलं नाही कधी."

आतल्या खोलीतून खोल गेलेला आवाज आला. "कोण आलंय, सूनबाई?"

कप्तानाची आई खाटेवर होती. डोळे जाऊन वर्षं झालेली, आणि आता शरीरही मागोमाग निघालेलं. हाताच्या शिरेत सुई होती, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी. उशाशी भाताची ताटली झाकून ठेवलेली, तशीच्या तशी.

"खात नाहीत," धाकटी हळूच म्हणाली. "ते गेल्यापासून घास नाही. नर्सबाईंनी सलाइन लावलंय."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "आजी, मुलगा बाहेरगावी होता तेव्हा जेवत होतात ना?"

"जेवत होते की. तो रोज संध्याकाळी यायचा. मोटर वाजायची. मग मी जेवायची."

धाकटीनं मान खाली घातली. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नका बाई. ताप होता तेव्हा. आतलं बाहेरचं कळत नव्हतं."

बाईंनीही ते मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा भ्रम तो. माणसाची चूक कशी असते बघा: खरं समोर बसून बोलतं, आणि आपण त्याच्या वयाकडे बघून मान डोलावतो.

४

दुसरा नावाडी उधाण. नाव त्याच्या रागावरून पडलेलं. कप्तानाचा आणि त्याचा उतारूंवरून रोजचा वाद. कप्तान मेल्यानं फायदा झाला असेल तर तो यालाच, आता सगळी खाडी याची.

"म्हणजे मी मारला त्याला," उधाण दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "लिहून टाका. सही कुठं करू?"

"सही नंतर. आधी बस. त्या सकाळी तू धक्क्यावर होतास?"

"होतो. बाजूलाच बोट माझी."

"धार पाहिलीस त्याच्या मोटरीची?"

उधाणाच्या हातातला दोर थांबला. त्यानं खाडीकडे बघितलं. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, मधली रेघ पुसलेली.

"त्याची सवय होती बाई. मोटर चालू केली की मागं वाकून धारेखाली तळहात धरायचा. गार लागली की निघायचा. त्या दिवशीही धरला. धार होती, पण बारीक. मी ओरडलो, कप्तान, धार बारीक झाली रे, वय झालं, वैद्याला दाखव. सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, मेव्हण्यानं तपासून दिलीय, तू आपली बघ." उधाणानं तोंडावरून हात फिरवला. "रोज भांडायचो आम्ही. नेमकं त्या दिवशी चेष्टा केली. भांडलो असतो तर निदान तो थांबला असता."

कप्तानाचा हिशोब बाईंच्या लक्षात येत होता. मेव्हण्यानं नुकतंच नवं रबर घातलंय, तेव्हा पंप चांगलाच असणार. भोकात गाळ बसला असेल, वाटेत निघून जाईल. आणि खरंच तापली तर शिट्टी आहेच. संथ पाण्यात ती बारीक धार पुरली. परतताना ओहोटीवर पूर्ण जोर लावला आणि तिथं ती पुरी पडली नाही. शिट्टी तर वाजलीच नाही.

"एक विचारू?" उठता उठता बाई म्हणाल्या. "तो बाहेरगावी होता तेव्हा त्याच्या घराकडून जायचास?"

"रोज. शेवटची खेप तिकडूनच. आणि एक सांगतो, तो मधेमधे यायचा घरी. कोणाला न सांगता."

"कशावरून?"

"मोटर वाजायची ना संध्याकाळी, शेडमध्ये. मीठ धुवायची त्याची वेळ. मी म्हटलं, बायकोची आठवण येते वाटतं गड्याला."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हातारीला ताप होता. उधाणाला तर ताप नव्हता.

५

मिस्त्री अर्ध्या शटरच्या आत अंधारात बसला होता. समोर कोणाचीच मोटर नव्हती, तरी हातात पाना होता. बाई वाकून आत शिरल्या, गुडघे कुरकुरले.

"या बाई. बसायला स्टूल आहे, पण तेल लागेल लुगड्याला."

"लागू दे. मिस्त्री, शेडची एक किल्ली तुमच्याकडे असते?"

"असते."

"तो नसताना शेडमध्ये गेला होतात?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. मोठा माणूस, पण कोणी आतली हवा काढून घ्यावी तसा दिसत होता.

"बाई, उगाच फिरू नका. मीच केलं ते. नवं रबर मिळालं नाही म्हणून जुनंच साफ करून घातलं. मला वाटलं, चालेल. नाही चाललं. लिहा तसं. अंगठा नाही, सही करतो."

बाईंच्या पिशवीत ते चाक होतं, करकरीत छापाचं.

"आणि शिट्टीची तार?"

मिस्त्रीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तार? त्याला ठाऊक नव्हतं. पण आता मागं फिरायची सोय राहिली नव्हती.

"तीही मीच काढली. काम करताना मध्ये येत होती. परत लावायची राहिली."

"टोकांना पट्टी कसली लावलीत?"

"काळी. दुसरी कसली लावणार?" त्यानं भिंतीकडे हात केला. खिळ्याला काळ्या पट्टीची वेटोळी लटकत होती.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "पट्टी पांढरी होती. आणि रबर नवंकोरं होतं. माणूस स्वतःवरचा आळ टाळायला खोटं बोलतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. आळ घ्यायला खोटं बोलणारा आज पाहिला. कोणासाठी?"

मिस्त्रीनं दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं, आणि त्या रुंद खांद्यांकडे बघताना बाईंना उत्तर मिळालं. ज्यांच्यासाठी पुरुष माणूस सगळ्या धक्क्याची थुंकी झेलतो आणि तोंड पुसत नाही, अशी माणसं त्याला जगात असून असून किती? आई नव्हती, बाप नव्हता, लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण होती, आणि तिनं त्याला दार बंद केलं होतं.

"दांड्यावरून मोटर मीच ओढून आणली," तो म्हणाला. "तुमच्याकडे द्यायच्या आधी पंप उघडून बघितला. रबर भाजलेलं. मग त्याला निरोप द्यायला गेलो त्या दिवशी शेडमध्ये डोकावलो. भिंतीवर काजळी, ड्रमला कोळिष्टक, म्हणजे मोटर इथंच पाण्यावाचून चाललेली. तेवढ्यात ती अंगणात ओरडली, तुझ्या हातानं मेला. बाई, मी म्हटलं, हे बरं झालं. तिला वाटतंय ते वाटू दे. नवरा गेलाय तिचा. वर हेही तिला कळलं, तर ती जगेल का? लिहा ना माझं नाव. तुमच्या लेखणीला काय फरक पडतो?"

६

लेखणीला फरक पडतो. बाईंनी आयुष्यात एकच पुण्य जोडलं होतं, खोटी ओळ लिहिली नव्हती. पण त्या संध्याकाळी खाडीच्या काठानं चालताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, हे पुण्य कोणाच्या जिवावर? खरं लिहावं तर बहीण मरते, खोटं लिहावं तर भाऊ. देवा, अशा वेळी तू कुठल्या काठावर उभा असतोस?

त्या घरी पोचल्या तेव्हा धाकटी मागं विहिरीवर होती. बाई सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"आजी, मीच. मघा तुमचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, माफ करा. आता सांगा. तो रोज यायचा?"

म्हातारीचे आंधळे डोळे छताकडे लागले होते. ओठांच्या कडेला पुसटसं हसू आलं.

"तो कुठला येतोय? तो तर लांब होता."

"मग मोटर?"

"सूनबाई वाजवायची." म्हातारीनं आवाज खाली आणला, कोणाचं तरी गुपित सांभाळावं तसा. "मला ताप चढायचा, मी म्हणायची, पोरगा आल्याशिवाय मी जेवणार नाही. जन्माची सवय. संध्याकाळी मोटर वाजली की समजायचं, आला, हातपाय धड आहेत, मग पहिला घास. ती बिचारी काय करणार? जायची, मोटर चालू करायची, पळत येऊन म्हणायची, आई, आले हो ते, धुतायत मोटर, तुम्ही जेवा. पहिल्या दिवशी फसले. दुसऱ्या दिवशी कळलं."

"कशानं?"

"पाणी नव्हतं ना. तो धुवायचा तेव्हा ड्रममध्ये बदबद बदबद आवाज यायचा, ओला. हिचा आवाज सुका. खरखरीत. आणि मधेच कसलीशी शिट्टी वाजायची, अंगावर काटा आणणारी. मी घाबरले, तर दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद." म्हातारी थांबली, श्वास गोळा करून म्हणाली, "पोरगी माझ्यासाठी एवढं करते, तर मीही फसल्यासारखं करायचं. जेवायचे गुपचूप. तिलाही बरं वाटायचं, दोन घास तीही खायची."

बाईंचा हात म्हातारीच्या हातावर गेला, त्या पांढऱ्या चिकटपट्टीवर.

दोन बायका एकमेकींना जपत होत्या. एक म्हणत नव्हती, मोटर मी वाजवते. दुसरी म्हणत नव्हती, मला कळलंय. आणि दोघींच्या मायेच्या मधे ते रबराचं फूल पाकळी पाकळी जळत होतं.

मागं दार वाजलं. धाकटी उंबऱ्यात उभी होती, हातात पाण्याची कळशी. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

७

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं, आणि लाजल्यासारखं, दुखावल्यासारखं हसली. ऐकलं होतं ते एवढंच.

बाईंना वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण त्या बसून राहिल्या. खरं सांगायचं तर ते उभ्यानं फेकून जायचं नसतं, शेजारी बसून सांगायचं असतं.

"ये, इथं बस. एक विचारते. मोटर चालवायचीस तेव्हा ड्रममध्ये पाणी का नाही घातलंस?"

"पाणी कशाला?" धाकटी सहज म्हणाली. "पाणी मीठ धुवायला लागतं. मोटर समुद्रात गेलीच नव्हती, तिला मीठ कुठून लागणार? उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, ड्रमभर पाणी कोण ओतून..."

ती थांबली. बाई काहीच बोलल्या नव्हत्या, फक्त बघत होत्या. काही माणसांचं न बोलणंच ऐकू येतं.

"आणि शिट्टी?" बाईंनी हळूच विचारलं.

"ती... आईंना सहन होत नव्हती. मी तार ओढली, वर आईंच्या औषधाच्या डब्यातली पट्टी लावली. ते आल्यावर मी त्यांना सांगणार होते. आल्याच्या आनंदात..." कळशी तिच्या हातातून खाली टेकली, कलंडली, पाणी खाटेखाली पसरत गेलं. कोणी उचलली नाही. "पाणी मिठासाठी नसतं?"

"मिठासाठीही असतं. पण आधी गार ठेवायला असतं."

त्या खोलीत मग जे झालं ते वर्णन करायचं नसतं. माणसाचं घर आतून कोसळताना बाहेरच्यानं डोळे मिटून घ्यावेत. बऱ्याच वेळानं धाकटीचा आवाज आला तो ओळखू न येणारा.

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाला, मीच केलं, माझं नाव लिहा."

"त्याला माहीत होतं?"

"त्या दिवसापासून. तू अंगणात बोललीस त्याच्या आधीपासून."

धाकटी उठली. चप्पलही घातली नाही. खाडीच्या काठानं ती धक्क्याकडे गेली, आणि बाई मागून, जमेल तसं. लोक दारांतून बघत होते. अर्ध्या शटरपाशी ती गुडघ्यांवर बसली, कारण उभ्यानं आत दिसत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली.

आतून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा, घरी चल. मी तुला नाही नाही ते बोलले. तू का नाही बोललास? एकदा तरी बोलायचंस."

शटर वर गेलं. मिस्त्रीनं तिला उठवलं, आणि बाईंकडे बघितलं, त्या बघण्यात राग होता, तक्रार होती, आणि खोल कुठंतरी सुटकाही होती. "सांगितलंत अखेर," एवढंच तो म्हणाला.

उधाण आपल्या बोटीतून सगळं बघत होता. तो वर आला आणि काही न विचारता मिस्त्रीच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागला.

अहवालात बाईंनी लिहिलं: मोटर जमिनीवर पाण्यावाचून चालली, अजाणता, गुन्हा नाही, मिस्त्रीचं काम निर्दोष. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पण गोष्ट अहवालात संपत नाही, म्हातारीच्या खाटेपाशी संपते. ती सगळी माणसं त्या खोलीत उभी होती. धाकटी म्हणत होती, मी मारलं. मिस्त्री म्हणत होता, नवं रबर घातलं तेव्हाच हिला सांगायला हवं होतं, पाण्याशिवाय मोटर चालवायची नसते. उधाण म्हणत होता, मी हसलो. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"मलाही सुका आवाज कळला होता," ती म्हणाली. "आंधळीला ऐकू येत होतं, आणि आंधळी गप्प बसली. एकटीनं उचलू नकोस, सूनबाई. सगळ्यांत वाटून घेऊ."

मिस्त्री पुढं झाला. "मावशी, दुसरी मोटर आणू? ड्रम भरतो. रोज संध्याकाळी मी..."

"नको," म्हातारी म्हणाली. "मोटर नको आता. तो येणार नाही, मला माहीत आहे." तिनं हवेत हात चाचपडला, आणि धाकटीनं तो धरला. "तू नुसती हाक मार. जेवायला चला म्हण. मी जेवेन."

धाकटीनं दुसऱ्या हातानं घास उचलला आणि म्हटलं, आई, जेवायला चला. आणि म्हातारीनं तोंड उघडलं.

झालं, इतकीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल. घरी कोणी तुमच्या चांगल्यासाठी काही लपवत असेल, आणि तुम्हीही कळून न कळल्यासारखं करत असाल. कुठं पाण्याकाठी गेलात आणि एखाद्या बोटीच्या मागं ती बारीक धार पडताना दिसली, तर क्षणभर थांबा. धारेखाली तळहात धरून हसत निघालेल्या त्या नावाड्याची आठवण करा. तो विश्वासावर निघाला होता. त्याच्यासाठी देवाकडे दोन शब्द मागा, आणि मग घरी जाऊन, जे बोलायचं राहिलंय ते बोला.